भाट्यांकडे उतरलेला संन्यासी

१६ ऑक्टोबर, बेळगाव

विवेकानंद बेळगावला आले ती आजचीच तारीख. साल १८९२. शिकागोची परिषद अजून वर्षभर लांब होती. एकोणतीस वर्षांचा, कुणाला फारसा ठाऊक नसलेला हा संन्यासी कोल्हापूरहून तिथल्या महाराजांचे खाजगी कारभारी गोळवलकर यांची चिठ्ठी घेऊन सकाळी सकाळी सदाशिवराव भाटे वकिलांच्या दारात उभा राहिला. रिसालदार गल्लीतल्या त्या घरात आता स्वामींचं स्मारक आहे. बाजारात जाता-येता त्या गल्लीतून कितीदा गेले असेन, पण भाट्यांच्या मुलाने पुढे लिहिलेल्या आठवणी वाचल्या त्या अलीकडेच. आज पुन्हा काढल्या.

पहिल्याच दिवशी जेवण झाल्यावर स्वामींनी पान-सुपारी मागितली, आणि मग खायला तंबाखूही! घरातले चक्रावलेच असणार. शाकाहार की मांसाहार, असं विचारलं तर म्हणाले, आम्हा परमहंस पंथाच्या संन्याशांना तसा नेम नाही, समोर येईल ते खायचं. तंबाखूचंही लपवलं नाही. रामकृष्णांना भेटल्यावर आयुष्यच पालटलं, बाकी सगळं सुटलं, या बारीकसारीक सवयी तेवढ्या राहिल्या, त्यांचं विशेष काही वाटत नाही, असं सरळ सांगून टाकलं.

संध्याकाळी आत्यांना हे वाचून दाखवलं. “संन्याशाला तंबाखू? काहीतरीच बाई!” म्हणाल्या. मला मात्र स्वामींचं हे न सजवता बोलणंच जास्त भावतं. हल्ली आपण संतांना इतकं घासूनपुसून ठेवतो की ते आपल्या पंगतीला कधी बसले असतील, यावर विश्वासच बसत नाही.

भाट्यांचा मुलगा तेव्हा पाणिनीची सूत्रं पाठ करत होता. तो अडखळला की स्वामी सहज पुढचं म्हणून दाखवत. (मुलाला काय वाटलं असेल! वडील समोरच बसलेले.)

पण खरी अडकले ती हरिपद मित्रांच्या प्रसंगावर. हे इथले जंगल खात्यातले बंगाली अधिकारी. एवढ्या लांब आपला माणूस भेटला म्हणून त्यांनी स्वामींना आपल्याकडे राहायला चला म्हटलं. स्वामी लगेच तयार झाले नाहीत. या मराठी कुटुंबात मी मजेत आहे, बंगाली दिसला म्हणून उठून गेलो तर त्यांना वाईट वाटेल, असं त्यांचं म्हणणं. आमच्या गावात दुकानाच्या पाटीवरूनसुद्धा भाषेचा काय तमाशा होतो ते रोज बघतेय, त्यामुळे हे वाक्य दोनदा वाचलं. नंतर ते किल्ल्यात मित्रांकडे राहायला गेले, त्यांना आणि त्यांच्या पत्नीला, इंदुमतींना, दीक्षाही दिली. पण आधी यजमानाचं मन सांभाळून.

हरिपदबाबूंना सारखी औषधं घ्यायची सवय होती. निम्मी दुखणी मनाची असतात, मन आनंदी ठेवा, अशा अर्थाचं स्वामींनी त्यांना सांगितलं, आणि त्यांची ती सवय सुटली म्हणे. एवढा भाग आत्यांना मुद्दाम वाचून दाखवला नाही. रक्तदाबाच्या गोळीला आधीच रोज नकार असतो, त्यात विवेकानंदांचा आधार मिळाला तर झालंच.