तन्मणीतले अकरा मोती

सोन्या मारुती चौकाजवळच्या माझ्या लहानशा दुकानात मोती ओवण्याचे आणि जुने दागिने दुरुस्त करण्याचे काम मी गेली बावीस वर्षे करतो आहे. गेल्या श्रावणात एक आजी मलमलीत गुंडाळलेला तन्मणी, म्हणजे मोत्यांच्या सरांचा गळ्यातला दागिना, घेऊन आल्या. रेशीम पार विरले होते. एका सराफाने मोत्यांना मोड, म्हणजे परत विकताना किंमत, नाही; खोडाच्या, म्हणजे मधल्या पदकाच्या, सोन्याचे तेवढे पैसे मिळतील, असे त्यांना सांगितले होते, आणि ते ऐकून मला फार वाईट वाटले.

दोरा कापण्यापूर्वी प्रत्येक मोत्याची जागा कागदावर टिपून ठेवण्याचा माझा नियम आहे. मग मखमलीवर सर सोडून एकेका मोत्याच्या वेजात, म्हणजे ओवायच्या भोकात, भिंगातून पाहिले. बहुतेकांच्या आत कांद्यासारखे पापुद्र्यावर पापुद्रे होते. अकरा मोत्यांत मात्र वरच्या पातळ थराखाली शिंपल्याच्या मण्याची कड स्पष्ट दिसत होती. ते अकरा संवर्धित मोती, म्हणजे शिंपल्यात मणी घालून वाढवलेले; बाकीचे बसऱ्याचे, म्हणजे नैसर्गिक. इराणच्या आखातातला हा माल विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या बाजारात येई. पुढे जपानच्या संवर्धित मोत्यांनी भाव पाडले, 1932 मध्ये बहारीनला तेल लागले आणि समुद्रात बुडी मारून मोती काढण्याचा तो धंदा मोडत गेला. माझ्या नजरेवर न थांबता मी आजींना क्ष-किरण तपासणी करून घ्यायला सांगितले. अहवालातही तेच निघाले.

बसऱ्याचे मोती काहीसे पिवळसर, कुठे चपटे, कुठे लांबट होते, पण त्यांचे पाणी असे खोल होते की शेजारचे गोल, पांढरे अकरा दाणे कोरडे वाटत. खोडातल्या माणकांमागे डांक, म्हणजे चकाकीसाठी लावलेला पातळ पत्रा, असल्याने त्याला पाणी न लावता ते मऊ कोरड्या कुंचल्याने झाडून घेतले.

“आजी, हे अकरा काढून त्यांच्या जागी जुने बसरा शोधू का?” मी विचारले.

“अहो, नको. हळदीकुंकवाच्या दिवशी माझ्या हातून सर तुटला, तेव्हा मामंजींनी एक शब्द न बोलता मुंबईहून आणले होते ते. जिथे होते तिथेच राहू द्यात.”

मी टिपणाचा कागद समोर ठेवला आणि नव्या रेशमात, खोडाच्या डाव्या बाजूला, पहिला दाणा ओवला.