गोट्याची सुई, आईंची सुई

शनिवार, रात्री साडेदहा

आज संध्याकाळी गोट्याला, आमच्या मधुमेही बोक्याला, इन्सुलिन दिलं नाही. सातच्या सुईआधी कानाच्या कडेला टोचून साखर बघितली, तर १७२. एरवी या वेळेला तीनशेच्या आसपास असते. डॉक्टरांनी सुरुवातीलाच बजावून ठेवलंय की दोनशेच्या खाली आकडा आला तर सुई भरायची नाही, खायलाही घालायचं नाही, अर्ध्या तासाने परत बघायचं. तो अर्धा तास हा बोका रिकाम्या ताटलीपाशी बसून असा काही ओरडत होता, की शेजाऱ्यांना वाटलं असेल आम्ही त्याला बडवतोय. दुसऱ्यांदा १८१. मग फोन केला. "आज राहू दे. एक डोस हुकला तर साखर चढेल, ती उद्या उतरवता येईल. जास्त गेला तर रात्रीत उतरेल, आणि तेव्हा तुम्ही झोपलेल्या असाल." एवढं ऐकून ताटली भरली. दोन मिनिटांत साफ.

साखर खाली यायचं कारण उघड आहे. कोरडे दाणे हळूहळू बंद करत आणलेत आणि ओल्या खाण्यावर आलोय. मांजर मुळात मांसाहारी, पिष्ट पचवायची त्याला सवयच नाही. डॉक्टरांच्या मते खाण्यातल्या एकूण ऊर्जेपैकी पिष्टाचा वाटा दहा टक्क्यांच्या आत हवा. पण तो आकडा पाकिटावर कोणी छापत नाही! प्रथिनं, चरबी, तंतू, पाणी, राख (म्हणजे खनिजं) यांची बेरीज शंभरातून वजा करायची. एका पाऊचचं गणित केलं: पाणी ८०, प्रथिनं १०, चरबी ४, राख २, तंतू १. उरले ३. तीन टक्के म्हणजे किरकोळ वाटतं, पण त्यात पाणीच ८०. ऊर्जेच्या हिशेबाने तो वाटा तेराच्या घरात जातो. ग्रेव्हीवाले बरेच पाऊच असेच निघतात, रस दाट करायला त्यात पीठ असतं. म्हणून आता घट्ट लगद्यासारखं मिळतं ते आणते. नुसतं उकडलेलं चिकन रोजचं जेवण म्हणून चालत नाही, त्यातून टॉरिन, म्हणजे मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं एक अमिनो आम्ल, पुरेसं मिळत नाही.

खाणं बदललं की इन्सुलिनची गरज झपाट्याने उतरू शकते. अशा वेळी जुनाच डोस डोळे झाकून देत राहणं हा खरा धोका. सुई टोचण्याची धास्ती सगळ्यांना असते, आमच्या ह्यांना अजून आहे. पण मानेमागची सैल कातडी चिमटीत धरली की काम एका क्षणाचं. गोट्या तर खाण्यातून डोकंही वर काढत नाही. जपायला लागतं ते सुईच्या आधी.

आणि फ्रिजच्या दाराशी. तिथे दोन इन्सुलिनं आहेत. आईंचं ३०/७०, म्हणजे दोन प्रकारांचं मिश्रण, दुधाळ, मिलिलिटरला ४० युनिटचं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. गोट्याचं ग्लार्जिन, म्हणजे हळूहळू काम करणारं इन्सुलिन, पाण्यासारखं स्वच्छ, मिलिलिटरला १०० युनिटचं, त्याला नारिंगी टोपणाची सिरिंज. लाल सिरिंजमध्ये ग्लार्जिन एका रेघेपर्यंत भरलं, तर एकाऐवजी अडीच युनिटं जातात. केमिस्टकडे "इन्सुलिनची सिरिंज द्या" म्हटलं की सवयीने लालच हातात पडते, म्हणून मी टोपणाचा रंग सांगूनच मागते. घरी गोट्याचा डबा वेगळा, त्यावर मुलाने मार्करने मिशा काढल्यात. आईंना ते फार आवडलं नाही. "माझ्या डब्यावर काय काढणार आहेस?"

पण या आजारातलं घरात सगळ्यात जास्त त्यांनाच कळतं. जेवणाचा भरवसा नसेल तर सुई नाही, हे त्यांनी डॉक्टरांच्या आधी सांगितलं होतं. साखर एकदम उतरली की कसं होतं हेही त्यांनीच सांगितलं: हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, कोणी काय बोलतंय ते लांबून ऐकू येतं. गोट्या यातलं काही सांगू शकणार नाही. तो झोकांड्या खाईल, नाहीतर कोपऱ्यात नुसता पडून राहील. मधाची बाटली म्हणूनच ओट्यावर समोर ठेवलीय. झटका आला तर तोंडात ओतायचा नाही, बोटाने हिरड्यांना चोळायचा आणि तसंच दवाखान्यात पळायचं.

ग्लुकोमीटरही आईंचंच. माणसांचं यंत्र मांजराची साखर खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, पण डॉक्टरांनी सगळ्या मर्यादा याच यंत्राला धरून ठरवल्यात, त्यामुळे मध्येच बदलायचं नाही. दवाखान्यात मोजलं की हा चारशेच्या वर जातो. भीतीनेच मांजरांची साखर चढते. तिथल्या एका आकड्यावर डोस वाढवायला आमचे डॉक्टर तयार नाहीत, आणि मला ते पटतं.

मागचे पाय अजून तसेच आहेत. टाचा जमिनीला टेकवून, ससा बसतो तसा खाली दबून चालतो. मधुमेहाने तिथल्या नसा अशक्त झाल्यात. काल मात्र सोफ्यावर स्वतः चढला, उडी मारून नव्हे, नखांनी कव्हर ओरबाडत. कव्हर गेलं. जाऊ दे.

आजार लवकर सापडला आणि साखर नीट ताब्यात राहिली, तर काही मांजरांचं इन्सुलिन पूर्ण सुटतं. डॉक्टर हे बोलले, पण आशा लावून घेऊ नका असंही म्हणाले. मी लावून घेतलीय.

उद्या सकाळी दीड युनिट, तेही आकडा दोनशेच्या वर असेल आणि तो नीट जेवला तरच. मग दिवसभर दर दोन तासांनी कान टोचायचा, म्हणजे साखर सगळ्यात खाली कधी जाते ते कळेल. दुपारचं एक आणि तीनचं रीडिंग मुलाकडे सोपवलंय. त्याने प्रत्येकी वीस रुपये मागितलेत. आई म्हणाल्या, माझी साखर फुकट मोजतोस ना, मग त्याचीही मोज.