कुणीच न नेलेली पुस्तके

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्मदिवस म्हणून 12 ऑगस्टला ग्रंथपाल दिन पाळला जातो. दक्षिण कोकणातील ज्या तालुक्याच्या गावी मी ग्रंथपाल आहे, तेथील वाचनालयात तो वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने पार पडत आला आहे: प्रतिमेला हार, एक व्याख्यान, आभारप्रदर्शन आणि चहा. श्रोते म्हणजे कार्यकारी मंडळाचे सदस्य आणि निवृत्त वर्गणीदार. त्याच वेळी वरच्या मजल्यावरील अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलेमुली बसलेली असतात आणि खाली माईक लागला की खिडक्या लावून घेतात. ही मुले आमची जागा, पंखा आणि वायफाय वापरतात, पुस्तके मात्र स्वतःची आणतात. आमच्या कपाटांशी त्यांचा संबंध जिन्यावरून जाता-येता ती दिसण्यापुरताच असतो.

यंदा हा दिवस तरुणांकडे सोपवावा, असा विषय मी मंडळापुढे ठेवला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात, गोरखचिंचेच्या जुन्या झाडाभोवती, 2019 साली सुरू झालेले बालसंग्रहालय मी पाहिले होते आणि तेथील मांडणीत मुलांनाही हात घालू दिल्याचे मला विशेष वाटले होते. आपल्याकडे ‘युवकांचा सहभाग’ याचा अर्थ रांगोळी, स्वागतगीत आणि खुर्च्या मांडणे एवढाच राहतो, म्हणून ठरावाचा मसुदा मी मुद्दाम नेमका लिहिला: ‘प्रदर्शनाच्या विषयाची निवड व मांडणी युवक गट करील, ग्रंथपाल साहाय्य करतील.’ विषय कार्यक्रमपत्रिकेत शेवटी आणि चहाच्या अगदी तोंडावर असल्यामुळे तो चर्चेविना मंजूर झाला.

गटात अभ्यासिकेतील तिघे, बारावी विज्ञानची एक मुलगी आणि आयटीआयमध्ये वीजतंत्री शिकणारा एक मुलगा असे पाच जण आले. पहिल्याच बैठकीत बारावीतील मुलीने विचारले, “मॅडम, इथलं एकही पुस्तक असं आहे का, जे आजपर्यंत कुणीच नेलं नाही?” तपासणीच्या वेळी जिल्हा ग्रंथालय अधिकारी एकूण ग्रंथसंख्या विचारतात, सभासद विचारतात, रोजची देवघेव विचारतात. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखालील मान्यता, अ ते ड हे वर्ग आणि त्यावर ठरणारे अनुदान या सगळ्यांचा हिशेब त्याच आकड्यांवर चालतो. न गेलेल्या पुस्तकांचा रकाना कुठल्याच नमुन्यात नाही, आणि ग्रंथसंख्या कमी दिसू नये म्हणून कोणतेही वाचनालय असली पुस्तके सहजासहजी बाद करत नाही. संगणकावरील नोंदी अलीकडच्या. त्याआधीचे उत्तर फक्त पुस्तकांच्या पोटात होते.

मग त्यांनी कपाटे वाटून घेतली आणि प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी पाहण्याचा सपाटा लावला. कोरी चिठ्ठी म्हणजे न गेलेले पुस्तक, असे त्यांनी आधी धरले होते. दुसऱ्या कपाटाशी पोहोचेपर्यंत आयटीआयच्या मुलाच्या लक्षात आले की, चिठ्ठी भरली की आपण नवी चिकटवतो आणि पुनर्बांधणीत जुनी चिठ्ठी गळून जाते, तेव्हा कोरी चिठ्ठी हा पुरावा होऊ शकत नाही. त्यामुळे त्यांनी मूळची बांधणी, पुस्तकाच्या खिशातील कार्डावर एकही नोंद नसणे आणि जुन्या देवघेव रजिस्टरात दाखल क्रमांक न सापडणे, अशा आणखी तीन खुणा ठरवल्या आणि या सगळ्यांतून उतरेल तेच पुस्तक घ्यायचे असा नियम केला. ती रजिस्टरे माळ्यावर होती. डांबरगोळ्यांचा वास आणि कसरीची भुकटी यांत बसून ही पाच जणे दाखल क्रमांक जुळवत होती, आणि चालू घडामोडींची मासिके तेवढ्यापुरती बाजूला पडली होती. (एकाच्या वडिलांनी त्याबद्दल माझ्याकडे तक्रारही केली.)

निवडलेल्या प्रत्येक पुस्तकाखाली ते का गेले नसावे याचे कारण एका वाक्यात लिहायचे, ही त्यांची कल्पना मला सर्वांत आवडली. कण्यावरचे नाव पुसले गेलेले. दुसरा खंड आहे, पहिला नाही. नावात ‘संसार’ हा शब्द असल्यामुळे मुंग्यांवरचे एक पुस्तक कादंबऱ्यांत लावले गेले होते. हे काम माझ्या आधीच्या कुणाचे तरी, पण इतक्या वर्षांत ते माझ्याही नजरेतून सुटले होते खरे. सर्वाधिक पुस्तकांखाली मात्र एकच वाक्य आले: ‘हे पुस्तक देणगीदारांच्या काचेच्या कपाटात होते आणि कपाटाची किल्ली कार्यवाहांच्या घरी असते.’ वाचकाला थेट फडताळापर्यंत जाता आले पाहिजे, यासाठी रंगनाथनांनी आयुष्यभर आग्रह धरला आणि 1931 साली मांडलेल्या पाच सूत्रांतील पहिलेच सूत्र ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ असे आहे. आम्ही दरवर्षी त्यांच्या प्रतिमेला हार घालत आलो, तो नेमका त्या कुलूपबंद कपाटाशेजारी.

त्याच कपाटात ते पुस्तक मिळाले. नारळ-सुपारीच्या बागायतीवरचे, पुठ्ठा मजबूत, कागद कडेने पिवळसर. मुलीने ते उघडायचा प्रयत्न केला तर दोन पानांनंतर पाने उघडेचनात. तिला वाटले, छपाईत काही बिघडले असावे. सोळा पाने एकाच मोठ्या कागदावर, म्हणजे फर्म्यावर, छापून त्याची घडी घालतात, बांधणीनंतर त्या घड्या वरून आणि बाजूने कापाव्या लागतात, आणि पूर्वी काही पुस्तके न कापताच बाजारात येत, हे मी तिला समजावले. म्हणजे वाचनालयात तर नाहीच, पण देणगी देणाऱ्याच्या घरीही हे पुस्तक कुणी वाचले नव्हते. आता ते कापायचे की नाही, यावर गटात दोन तट पडले. न कापलेली पाने हाच तर पुरावा, तो नष्ट कसा करायचा, असे एका बाजूचे म्हणणे. पुस्तक काय पुरावा म्हणून छापले होते का, असे दुसऱ्या बाजूचे. मला विचारले तेव्हा मी मत दिले नाही, कारण ठरावात माझ्याकडे साहाय्य करण्याचे काम होते. शेवटी त्यांनी असे ठरवले की, प्रदर्शनाला येणाऱ्या कुणीही एक फर्मा कापावा, पण जो कापील त्याने ती सोळा पाने तिथेच बसून वाचली पाहिजेत. त्यासाठी एक टेबल, एक खुर्ची आणि कागद कापण्याची बोथट सुरी ठेवली.

12 तारखेला सकाळी कार्यवाह आले आणि दारावरचा फलक वाचून जागच्या जागी थांबले. फलकावर मोठ्या अक्षरांत ‘कुणीच न नेलेली पुस्तके’ असे होते. “ही काय आपणच आपली लक्तरं वेशीवर टांगायची पद्धत? देणगीदारांची मंडळी येणार आहेत आज,” ते मला म्हणाले. फलक बदलून ‘दुर्मिळ ग्रंथांचे प्रदर्शन’ असे लिहावे आणि पुस्तकांखालच्या ओळी काढून टाकाव्यात, ही त्यांची सूचना होती. त्यांचा राग मला अनाठायी वाटला नाही. देणग्या मिळवण्यासाठी उंबरे झिजवणारे तेच, आणि किल्लीची ओळ सरळ त्यांच्यावर होती. मुले गोंधळली. आयटीआयचा मुलगा दिव्यांच्या पट्ट्या जोडत शिडीवर उभा होता, तो तिथूनच म्हणाला, “काका, दुर्मिळ लिहिलं तर लोक लांबूनच बघून जातील. आम्हाला त्यांनी हात लावायला हवाय.” मी इतिवृत्ताची वही आणून ठराव त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, खालची स्वतःची सही पाहिली आणि एकच अट घातली की, ‘कार्यवाहांच्या घरी’ ऐवजी ‘कार्यालयाबाहेर’ असे लिहावे. मुलांनी आपसांत बोलून ती मान्य केली. ही तडजोड योग्य होती, असे मला आजही वाटते. आरोप गेला, कारण राहिले.

दुपारी वीज गेली, जी श्रावणातल्या पावसात जातेच. मोटारसायकलच्या बॅटरीवर दिवे चालू राहिले आणि त्या उजेडात बाजारातून पावसासाठी आडोशाला शिरलेली माणसेही पुस्तकांपर्यंत आली. काचेच्या कपाटातील पुस्तके ज्यांनी दिली होती, त्या दिवंगत शिक्षकांचे चिरंजीव डोंबिवलीहून आले होते. कार्यवाह त्यांच्यासोबत जरा अवघडूनच फिरत होते. न कापलेले पुस्तक पाहून ते गृहस्थ मोठ्याने हसले. “हे बाबांना सत्कारात मिळालेलं! नारळ, शाल आणि हातात येईल ते पुस्तक. आमच्याकडे बाग कुठे होती?” त्यांनी सुरी उचलली, पण मुलीने नम्रपणे अट सांगितली तेव्हा घड्याळाकडे पाहून ती पुन्हा खाली ठेवली.

खुर्चीवर अखेर बसले ते शेजारच्या वाडीतील एक बागायतदार. आमचे सभासद नव्हेत. त्यांनी अनुक्रमणिका पाहून मधलाच एक फर्मा निवडला, सुरी जपून घडीत सरकवून वरची आणि बाजूची कड कापली, हातानेच कागदाचे तुसे झटकले आणि वाचायला घेतले. प्रकरण कोळेरोगाचे होते: पावसात सुपारीची कोवळी फळे कुजून गळतात, त्यासाठी पाऊस सुरू होण्याआधी मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण कसे करावे, किती वेळा फवारावे. वाचता वाचता ते मान डोलवत होते, मध्येच नाराजही होत होते. “मिश्रण आम्ही अजून हेच मारतो. पण चुन्याचं दूध आधी का करायचं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं,” असे म्हणून त्यांनी पुस्तक मिटले आणि ते घरी नेता येईल का, असे विचारले.

प्रदर्शन आठवडाभर चालायचे होते आणि मुख्य आकर्षण पहिल्याच दिवशी दाराबाहेर जाणार होते. पाच जणांनी जिन्याखाली उभ्या उभ्या बैठक घेतली. परत येऊन त्यांनी मला अनामत रक्कम आणि सभासद अर्ज विचारला, बागायतदारांचा अर्ज स्वतः भरून दिला आणि पुस्तकाच्या रिकाम्या जागी कार्ड ठेवले: ‘12 ऑगस्ट रोजी बाहेर गेले.’ नाव लिहायचे नाही, कोण काय वाचतो हे चव्हाट्यावर येता कामा नये, हेही त्यांनीच ठरवले. हीच पद्धत पुढे सर्व पुस्तकांना लागू झाली. त्यामुळे आठवड्याच्या शेवटी पाहायला आलेल्यांना पुस्तकांपेक्षा तारखांची कार्डे जास्त दिसली, आणि मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी “प्रदर्शन कुठे आहे?” असे गंभीरपणे विचारले.

मुंग्यांचे पुस्तक अजून आलेले नाही. मुदत उलटून गेली आहे, स्मरणपत्र पाठवले आहे. काचेच्या कपाटाची किल्ली देवघेवीच्या टेबलाच्या खणात ठेवावी, असा विषय युवक गटाने लेखी दिला असून तो पुढील सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत मी दुसऱ्या क्रमांकावर, म्हणजे चहाच्या बराच आधी, घेतला आहे.