रांगा मोडाव्या लागल्या तेव्हा

नागपुरातील एका शाळेच्या वर्गात दर रविवारी सकाळी आमच्या समूहगानाची तालीम होते आणि ती घेणे हा संगीतशिक्षिका म्हणून माझ्या कामाचाच भाग आहे. समूहात चाळीसेक हौशी गायक आहेत. कोणी सदरमधील चर्चच्या गायनवृंदात वाढल्यामुळे स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेले पाश्चात्त्य स्वरलेखन, सहज वाचणारे, कोणी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतील भजनी मंडळात खंजिरीच्या साथीने गायलेले, तर कोणी लहानपणापासून विहारात सामूहिक बुद्धवंदना म्हणत आलेले. एकत्र गाण्याच्या इतक्या वाटा ज्या शहरात नांदतात, त्या शहरात समूहगान शिकवायला मिळणे हे मी माझे भाग्य समजते.

वर्षाची सुरुवात पावसाळ्यात होते. दमट हवेने तबल्याची पुडी सैल पडून सूर उतरतो आणि तो चढवायला हातोडी हाताशीच ठेवावी लागते. पहिले काही रविवार पट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या सुराला षड्ज (सा) मानायचे ते ठरवण्यात जातात, कारण पुरुष बहुधा काळी एकमध्ये गातात आणि स्त्रिया काळी चारमध्ये, म्हणजे बाईंचा षड्ज बुवांच्या पंचमावर (प) येतो. दोघांनाही न ताणता गाता येईल अशी मधली पट्टी प्रत्येक गाण्यासाठी नव्याने शोधावी लागते. त्यानंतर चार आवाजांची विभागणी होते आणि ज्याचा त्याचा भाग पक्का होईपर्यंत सोप्रानो आणि आल्टो (स्त्रियांचे उंच आणि खालचे आवाज), टेनर आणि बास (पुरुषांचे उंच आणि खालचे आवाज) आपापल्या रांगेत उभे राहून गातात. तालीम संपली की कोपऱ्यावरच्या ठेल्यावर तर्री-पोहे ठरलेलेच. कोजागरीला कोणाच्या तरी गच्चीवर दूध आटते, आणि थंडीत काटोल रस्त्यावरच्या एका सदस्याच्या शेतावर गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले जातात. हा सगळा वेळ तालमीतून वजा झाला, असे काही शिस्तप्रिय मंडळींना वाटत असे. मला तसे कधी वाटले नाही, आणि वार्षिक कार्यक्रमाच्या दिवशी त्याचे कारण सर्वांनाच उमगले.

त्या दुपारी आम्ही सभागृहात पोहोचलो तेव्हा आदल्या दिवशीच्या कोणत्या तरी समारंभाची भली मोठी सजावट रंगमंचावर तशीच उभी होती आणि ती काढायला येणारी माणसे रात्रीशिवाय मिळणार नव्हती. मोकळ्या जागेत वादक आणि फार तर पंधरा गायक मावले असते. "मॅडम, आता कसं करायचं जी?" असे एका ताईंनी विचारले. उरलेल्यांना प्रेक्षकांच्या दोन्ही बाजूंच्या मोकळ्या वाटांत उभे करणे एवढाच मार्ग होता. पण तसे करायचे तर रांगा मोडणार होत्या आणि प्रत्येकाच्या शेजारी वेगळ्या आवाजाचा गायक येणार होता.

खरी अडचण अंतराची होती. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे पंचवीस मीटर मागे उभ्या असलेल्या गायकाला तबल्याचा ठेका सेकंदाच्या सुमारे सात शतांश भागाइतका उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत पाव मात्रा सेकंदाच्या आठव्या भागाएवढी असते. म्हणजे ठेका ऐकून गायचे म्हटले तर पाव मात्रेचा निम्म्याहून अधिक वेळ आधीच निघून गेलेला असतो. म्हणून मी दोन द्रुत गाणी त्या दिवसापुरती वगळली, विलंबित आणि मध्य लयीची गाणी पुढे घेतली आणि सर्वांना सांगितले, की लय माझ्या हातावरून घ्या, कानांनी फक्त शेजाऱ्याचा सूर ऐका.

जोड्या लावताना मी आवाजाची प्रत पाहिली नाही. एकाच स्कूटरवरून येणारे, रोडग्यांच्या पंगतीत शेजारी बसणारे, एकमेकांच्या घरची आजारपणे माहीत असणारे असे दोघे-दोघे शेजारी उभे केले. टपाल खात्यातून निवृत्त झालेले आमचे एक काका खर्जात गातात. बासच्या रांगेत ते नेहमी शेजारच्या आवाजाला टेकून किंचित मागून उचल घेत. त्या संध्याकाळी त्यांच्या शेजारी सोप्रानोतली, महाविद्यालयात शिकणारी मुलगी होती, जिला ते शेतावर जाताना हमखास आपल्या गाडीतून नेत. टेकायला आवाजच नव्हता. पहिल्या गाण्यात त्यांची नजर कागदावर खिळलेली दिसली. दुसऱ्या गाण्यात त्या मुलीने समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी हलकेच त्यांच्या कोपराला स्पर्श केला, काकांनी मान वर करून माझ्या हाताकडे पाहिले आणि मंद्र पंचमावर असा स्वच्छ आवाज लावला, की तो मला रंगमंचावर वेगळा ओळखू आला.

शेवटच्या गाण्याअखेर लांबवर धरायचा षड्ज आहे. तो अखंड ऐकू यावा म्हणून शेजाऱ्यांनी एकाच वेळी श्वास घ्यायचा नसतो, आणि हे वहीत लिहून जमत नाही, कारण ज्याला दम्याचा त्रास आहे त्याचा श्वास कधी संपतो, हे शेजाऱ्याला ठाऊक असावे लागते. त्या जोड्यांना ते ठाऊक होते. सूर सभागृहाच्या तिन्ही बाजूंनी येत राहिला, तो कोठेही तुटला नाही, आणि मधल्या खुर्च्यांवरचे काही श्रोते मान वळवून आवाज कोठून येतो आहे ते शोधत राहिले.

त्यानंतरच्या पावसाळ्यापासून मी तालमीची पद्धत बदलली. भाग पक्का होईपर्यंत रांगा ठेवते. तो पक्का झाला की सर्वांना मिसळून उभे करते. आल्टोमधल्या काही जणींना हे अजूनही रुचत नाही, आणि त्यांची तक्रार रास्त आहे, कारण मधला आवाज दोन्हीकडून ओढला जातो; त्यांच्यासाठी निदान एक ओळखीचा आल्टो हाकेच्या अंतरावर ठेवते. वगळलेली दोन द्रुत गाणी मात्र आम्ही रंगमंचावर, तबल्याजवळच गातो.