साउथ रिमवरचा काळोख आणि दोन फ्यूज

एप्रिलमध्ये फिनिक्सहून राहायचा ट्रेलर ओढत ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमला, म्हणजे दक्षिण काठाला, गेलो. मुक्काम मेदर कॅम्पग्राउंडला. तिथे जागेवर वीज मिळत नाही. हवी असेल तर शेजारच्या ट्रेलर व्हिलेजचं बुकिंग करा, तेही खूप आधी.

ट्रेलर उभा करून आत शिरलो, बटण दाबलं, काहीच नाही. दिवे, पाण्याचा पंप, फ्रिज, सगळं गप्प. हीटर गॅसवरचा, पण त्याचा पंखा बॅटरीवर. सात हजार फुटांवरची रात्र, बाहेर पाणी गोठलेलं. शेगडी काडेपेटीनं पेटली म्हणून पिठलं-भात तरी झाला.

बॅटरी मेली, असं मी जाहीर करून टाकलं. बायको म्हणाली, "अरे, मग मघाशी जॅकची मोटर कशावर चालली?" खरंच की! ट्रेलरचं तोंड वर-खाली करणारा आमचा पुढचा जॅक थेट बॅटरीला जोडलेला आहे. मल्टिमीटर लावला: 12.6 व्होल्ट. बॅटरी ठणठणीत.

सकाळी जनरेटर लावला (ठरलेल्या वेळांतच चालवू देतात). लगेच दिवे लागले. कन्व्हर्टरपाशी 13.6, बॅटरीवर मात्र तेच 12.6. कन्व्हर्टर म्हणजे घरच्या इन्व्हर्टरच्या उलट, 120 व्होल्टचे 12 करणारा. तो शाबूत होता; मधेच कुठेतरी तुटलं होतं. फ्यूजच्या पेटीचं झाकण काढलं, तर 'रिव्हर्स पोलॅरिटी'चे (बॅटरीच्या तारा उलट्या लागल्या तर जळणारे) 40 अँपिअरचे दोन्ही फ्यूज जळालेले.

तेव्हा आठवलं. हिवाळ्यानंतर बॅटरी बसवताना ठिणगी उडाली होती. ट्रेलरमध्ये सहसा काळी तार पॉझिटिव्ह, पांढरी निगेटिव्ह असते. गाडीच्या सवयीनं मी काळी निगेटिव्हला टेकवली, चटकन बदलली आणि कुणाला बोललो नाही. पुढे ट्रेलर दारात घरच्या विजेवर होता, म्हणून सगळं छान चालत राहिलं.

फ्यूजसाठी विल्यम्सला जाऊन आलो, 120 मैल! तुम्ही चार जास्तीचे सोबत ठेवा. बदलण्याआधी बाहेरची वीज आणि बॅटरीची निगेटिव्ह तार, दोन्ही काढा. फ्यूज चांगले असतील तर बॅटरीजवळचा छोटा ब्रेकर आणि डिसकनेक्ट स्विच (बॅटरी तोडणारं बटण) तपासा. आणि निघायच्या आदल्या दिवशी प्लग काढून तासभर नुसत्या बॅटरीवर सगळं चालवून बघा. मी एवढं केलं असतं तर घरीच कळलं असतं.

दुसऱ्या रात्री हीटर चालला. सकाळी मीटर 12.2 दाखवत होता. साधी पाण्याची बॅटरी 12.1च्या खाली नेत नाहीत, म्हणून चहाआधी जनरेटर.