आमची वाटचाल : मशीन एक, व्हर्जन ज्याचं त्याचं

नवी मुंबईत महाप्याच्या गाळ्यात आम्ही हवेचा हिशेब करतो, असं मी सांगते तेव्हा समोरचा हसतो. पण काम तेच आहे. कारखान्यातली वाफ, धूर, गरम हवा कुठून कुठे जाते, एक्झॉस्टचा हूड कुठे बसवला तर ती खेचली जाईल, हे आधी कॉम्प्युटरवर सोडवून द्यायचं. ठाणे-बेलापूरच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात या कामाला मरण नाही. भांडवल बेताचं, म्हणून सगळ्यांत मिळून एकच दणकट वर्कस्टेशन घेतलं. त्यावर उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि हवेच्या प्रवाहाचं गणित सोडवणारं ओपनफोम, दोन्ही फुकट. मुलं आपापल्या लॅपटॉपवरून लॉगिन करायची.

डोकेदुखी तिथेच सुरू झाली. ओपनफोम या एकाच नावाची दोन घराणी आहेत. फाउंडेशनवाले ७, ८, ९ असे आकडे देतात. दुसऱ्यांचं व्हर्जन जून-डिसेंबरला निघतं आणि नावात साल-महिना असतो. २०१२ म्हणजे डिसेंबर २०२०. नव्या पोराला ते हमखास २०१२ सालचं वाटतं. एकाच्या क्लायंटला हे हवं, दुसरीच्या प्रोजेक्टला ते. त्यात पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, तिचीही व्हर्जन्स. एकाने आपल्या कामापुरतं म्हणून अख्ख्या मशीनचं पायथन बदललं. सकाळी मशीनवर बसलेली मुलगी म्हणते, "मॅडम, टर्मिनलच उघडत नाहीये." उघडणार कसं? आमच्या उबुंटूचं टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, सिस्टिमच्याच पायथनवर उभं होतं.

तेव्हापासून सिस्टिमच्या पायथनला कोणी हात लावत नाही. प्रत्येक प्रोजेक्टला त्याचं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे पायथनचा वेगळा कप्पा. ओपनफोमची सगळी व्हर्जन्स ऑप्ट फोल्डरात शेजारी शेजारी. नवीन आलं म्हणून जुनं काढायचं नाही. निवडायला एन्व्हायर्न्मेंट मॉड्यूल्स, हे १९९१ पासूनचं साधन. 'मॉड्यूल लोड' केलं की त्या लॉगिनपुरताच पाथ, म्हणजे प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरातून उचलायचा तो पत्ता, बदलतो; शेजारच्याला कळतही नाही. मुलांनी सोय म्हणून ही ओळ बॅश-आरसीत, म्हणजे लॉगिनला आपोआप चालणाऱ्या स्वतःच्या फाइलीत, टाकली होती, लॉगिन होताच आवडतं व्हर्जन हजर. ते मी बंद केलं. ओळ प्रोजेक्टच्या रन स्क्रिप्टमध्येच हवी. माणूस नोकरी सोडून गेला तरी केस कशावर चालली ते सापडलं पाहिजे.

या कटकटीचे पैसे वसूल झाले ते जवळच्याच पावणे गावातल्या एका कारखान्यात. जुन्या शेडमध्ये एक हूड वाढवायचा होता आणि आधीच्या रिपोर्टशी तुलना हवी होती. ती केस ओपनफोम ७ वर चाललेली. २०२३ मध्ये आलेल्या ११ ने तर प्रत्येक कामाला वेगळा सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्रॅम) ही पद्धतच मोडून सगळ्यांसाठी एकच फोमरन आणला. नव्यात चालवून आकडा हलला असता, तर तो हूडमुळे की व्हर्जनमुळे, काय सांगणार? ७ लोड केलं, जुनी केस चालवली, आकडे जुळले, मग हूड घातला.

हल्ली कोटेशनमध्येच व्हर्जनची ओळ असते. परचेसवाले ती खोडतात, "याचा रेटशी काय संबंध?" म्हणतात. रिपोर्टच्या पहिल्या पानावर मी ती परत छापते.