सहा बाय चार

कॅनव्हास सहा फूट बाय चार फूट. लिफ्टमध्ये मावेना, म्हणून तीन जिने चढून आणला. टेकवायला मोकळी भिंत नाही, म्हणून हॉलमध्ये रद्दी अंथरून तिच्यावर आडवा टाकला. रविवारची दुपार, घरातले सगळे झोपलेले. काढायचा होता गावचा गडगा, चिऱ्यांची बुटकी भिंत. म्हणजे गडगा दिसता कामा नये, पण चिऱ्याचा खरखरीतपणा, त्यातली भोकं, पावसाळ्यात त्यांच्यातून फुटणारं शेवाळ हाताला लागलं पाहिजे.

टेक्स्चर पेस्टची किंमत ऐकली आणि गुपचूप हार्डवेअरच्या दुकानातून भिंतीला भरायची लांबी, म्हणजे पुट्टी, आणली. तिच्यात वाळू, थोडा भुसा, गेरू. रंगाऱ्याच्या पत्र्याने ओढून थर दिला. चिऱ्याचा जांभा दगड खाणीत असतो तोवर मऊ, हवा लागली की टणक होतो. माझी लांबी हवा लागताच तडकली. तडे मात्र असे देखणे आले म्हणता! ते मी काढलेले नाहीत हे कुणाला सांगणार नाही.

चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर फिरवायचे, थर चढवायचे, खरवडायचे. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रं. आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हटलेलंही त्यांना चालत नसे, 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणायचे. माझ्याकडे रोलर आहे.

लेक उठून आली. "बाबा, मांजर मस्त जमलंय."

एकदा मांजर दिसलं की दिसलंच. कान खरवडले तर शेपूट निघालं. शेवटी वैतागून पत्रा टाकला, गुडघ्यांवर बसलो आणि तळवाच रंगात बुडवून फिरवला. एक अर्धगोल. मागे सरकून त्याला लागून दुसरा.

आजी खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, असंच सारवायची. शेणात करवंटीचा कोळसा वाटून घातलेला, त्यामुळे जमीन काळी कुळकुळीत. ओणवी होऊन, मागे मागे सरकत. अर्धगोल उजवीकडून डावीकडे, एकात एक अडकवलेले, माशाच्या खवल्यांसारखे. वाळेपर्यंत पाय टाकायचा नाही, ही ताकीद फक्त आम्हा पोरांना. कोंबड्या खुशाल फिरायच्या. मग तीन-तीन बोटांची नक्षी उमटायची आणि "मेल्यांनू" म्हणत आजी पुन्हा हात फिरवायची. एवढं मोठं चित्र, आणि पंधरा दिवसांत पावलांनी पुसून जायचं. पुन्हा नव्याने. तिला कधी कुणी हे काय काढलंयस असं विचारलं नाही.

कॅनव्हासच्या टोकाला पोचेपर्यंत माझे गुडघे बोलायला लागले. मांजर गेलं. गडगाही गेला.

आजी गेली तेव्हा आम्ही मुंबईहून पोचेपर्यंत तिला नेलं होतं. तिला ठेवलं होतं तेवढाच ओटीचा तुकडा ताजा सारवलेला, अजून ओला. अर्धगोल डावीकडून उजवीकडे गेलेले. सारवणारी कुणीतरी डावखुरी असावी.